जनरेटरचा दिवा पेटंना झालाय? आधी हाताला विचारा

दिवाळी उरकली की माझ्या दुकानात मोटारींबरोबर पोरंही यायला लागतात. एरवी बेळगावच्या शहापुरातलं हे रिवायंडिंगचं दुकान म्हणजे जळालेले पंप, बसलेले पंखे आणि उसाला पाणी पाजायच्या घाईत असलेले शेतकरी. पण शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की आठवी-नववीची मुलं पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून दारात उभी राहतात. खोक्यात थर्माकोलचं धरण, निळा रंग दिलेली नदी, आइस्क्रीमच्या चमच्यांचं चाक, एक बारकी मोटार (ती बाहेरून फिरवली की तीच जनरेटर होते) आणि एक न पेटणारा दिवा. मुलगा असो की मुलगी, आमच्याकडचं वाक्य एकच: "काका, फिरवून फिरवून दमलो, पेटंनाच झालाय बघा."

दरवर्षी तोच प्रश्न आणि दरवर्षी तीच पाच-सहा कारणं. म्हणून एकदा लिहूनच काढतो.

पहिल्यांदा एक सांगतो, म्हणजे जीव भांड्यात पडेल. ह्या मॉडेलांमध्ये काही जळालेलं असणं फार क्वचित. मोटार चांगली असते, दिवाही चांगला असतो. बिघडलेला असतो तो हिशेब. हातातून किंवा पाण्यातून निघालेली ऊर्जा दिव्यापर्यंत जाताना कुठं तरी वाट चुकलेली असते, नाहीतर मुळात निघालीच थोडी असते. आणि कुठं चुकली हे कळायला व्होल्ट मोजायचा मीटर लागतोच असं नाही. हात पुरतो.

हाताची परीक्षा

दिवा सोडवून ठेवा. मोटारीच्या दोन्ही तारा मोकळ्या ठेवून दांडा फिरवा आणि हाताला किती जोर लागतो ते लक्षात ठेवा. आता त्याच दोन तारांची उघडी टोकं एकमेकींना पिळून जोडा आणि परत फिरवा. दांडा एकदम जड झाला, काकवीत पळी फिरवल्यासारखा लागला, तर तुमचा जनरेटर ठणठणीत आहे. दोष त्याच्या पुढं आहे: जोडणीत, दिव्यात किंवा वेगात. काहीच फरक पडला नाही, तर वीज वाहतच नाही. तार आत तुटलीय, टोकावरचं वार्निश खरवडलेलं नाही, किंवा ती मोटार जनरेटर होण्यासारखीच नाही. आणि तारा मोकळ्या असतानाही दांडा जडच फिरत असेल तर चाक कुठं तरी घासतंय, नाहीतर आत शॉर्ट आहे.

(हा तारा जोडायचा खेळ फक्त हातानं फिरणाऱ्या बारक्या मोटारीशी. बॅटरीच्या तारा अशा जोडायच्या नाहीत, आणि घरातल्या प्लगच्या तर स्वप्नातसुद्धा नाही. एका पोराला मी हे सांगायचं विसरलो होतो, तेव्हापासून आधी सांगतो.)

दांडा जड का होतो, हे मात्र नीट समजून घ्या, कारण सगळं मॉडेल ह्या एका गोष्टीवर उभं आहे. चुंबकाजवळ तारेचं वेटोळं फिरलं की तारेत व्होल्टेज तयार होतं. मायकेल फॅरडेनं हे १८३१ साली दाखवलं. पण टोकं मोकळी असली तर नुसतं व्होल्टेज असतं, वीज वाहत नाही. टोकं जोडली की वाहते, आणि वाहणाऱ्या विजेचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं. ते नेमकं तुमच्या फिरवण्याच्या आड येतं. लेन्झ नावाच्या शास्त्रज्ञानं हा नियम १८३४ मध्ये मांडला. त्या आडकाठीवर मात करायला हाताला जादा जोर लावावा लागतो, आणि तो जादा जोर म्हणजेच तारेतून जाणारी वीज. दुसरीकडून ती येत नाही.

खरं वाटत नसेल तर गणपतीत मंडळाच्या मांडवामागं जाऊन उभे राहा. डिझेलचा जनरेटर एका सुरात चाललेला असतो. सगळी लायटिंग एकदम लावली की त्याचा आवाज खाली बसतो, क्षणभर गुरगुरतो आणि परत सावरतो. दांडा जड झाला म्हणून इंजिनानं जादा डिझेल ओढलेलं असतं. वीजघरात हेच पाण्याची झडप जास्त उघडून करतात. तुमच्या खोक्यात इंजिनाच्या जागी तुमचा हात आहे, एवढाच फरक.

एक खरं सांगून टाकतो. एकच एलईडी जोडलात तर हाताला फरक कळणार नाही, इतकी थोडी वीज ती खाते. म्हणून परीक्षेला दिवा न वापरता तारा थेट जोडायच्या. आणि घरी गुंडाळलेल्या शंभर वेढ्यांच्या कॉइलला ही परीक्षा लागू होत नाही. तिचं दुखणं वेगळं आहे, त्याकडं येतोच.

हात फिरतोय, पण वेग कुठं आहे?

परीक्षेत दांडा जड झाला आणि तरी दिवा पेटत नाही, तर दहातल्या सात-आठ वेळा वेग कमी असतो.

खेळण्यातल्या गाडीतली मोटार घ्या. तिला ३ व्होल्टची बॅटरी लावली की ती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे मारते. उलट्या बाजूनं तोच हिशेब लागू होतो. तिच्याकडून ३ व्होल्ट हवे असतील तर तिला तुम्ही मिनिटाला दहा हजार फेरे, किंबहुना थोडे जास्तच, फिरवायला पाहिजे. लाल एलईडी साधारण १.८ ते २ व्होल्टला पेटते. म्हणजे सहा-सात हजार फेरे आले. आणि तुमचा हात? सेकंदाला दोन फेरे म्हणजे मिनिटाला १२०. त्यातून निघतात व्होल्टचे तीन-चार शतांश. एलईडीचा स्वभाव असा की तिच्या मर्यादेच्या खाली ती मंदसुद्धा पेटत नाही, अंधारच. म्हणून मुलांना वाटतं की काहीच होत नाहीये. होत असतं, पण उंबऱ्याच्या अलीकडं.

पांढरी किंवा निळी एलईडी तर आणखी हट्टी, तिला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. मॉडेलमध्ये दिसायला छान म्हणून सगळे पांढरी आणतात. लाल आणा. निम्मं काम तिथंच होतं.

उरलेलं निम्मं गिअरनं होतं. बाजारात पिवळ्या प्लॅस्टिकच्या डब्यातली मोटार मिळते, रोबोटच्या गाडीला लावायची. पोरं तिला बीओ मोटार म्हणतात. आत दातांची चाकं असतात, आतल्या मोटारीचे ४८ फेरे झाले की बाहेरचा दांडा एकदा फिरतो. आपण उलटं करायचं. बाहेरचा दांडा एकदा फिरवला की आतली मोटार ४८ वेळा फिरते. १२० फेऱ्यांचे ५,७६० झाले. ह्या मोटारीचा बाहेरचा दांडा ६ व्होल्टवर मिनिटाला सुमारे २०० फेरे फिरतो, म्हणजे हाताच्या १२० फेऱ्यांना साडेतीन व्होल्टच्या जवळपास निघायला हरकत नाही. थोडी घट धरली तरी लाल दिवा आरामात पेटतो. दांड्याला पेनाची नळी नाहीतर सायकलच्या स्पोकचा तुकडा वाकवून बसवा. जास्त सोंग लागत नाही.

रबर बँडचा पट्टा घालून मोठं चाक आणि छोटी कप्पी करणारेही असतात. चालतं, पण रबर बँड घसरतो आणि प्रदर्शनाच्या दिवशी हमखास तुटतो. त्यापेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबची आडवी कापलेली रिंग घाला. ती पकडतेही आणि टिकतेही.

पेटला तर बरोबर पेटला, नाही पेटला तर एलईडी उलटी करून बघा. लांब पाय प्लस. किंवा दांडा उलट्या दिशेनं फिरवा, तेच झालं. एका गल्लीतून येणारी दोन पोरं अशी होती की एक उजव्या हातानं फिरवायचा तेव्हा पेटायचं आणि दुसरा डावखुरा, त्याच्याकडून पेटायचं नाही. दोघंही एकमेकांवर जादूटोण्याचा संशय घेत माझ्याकडं आली.

घरी गुंडाळलेली कॉइल

ही मुलं मला सगळ्यात आवडतात, कारण ती स्वतः वायंडिंग करून आणतात. आणि त्यांचंच बहुतेक वेळा पेटत नाही.

पहिलं कारण माझ्या धंद्यातलं आहे. मोटारीची तार तांब्याची दिसते, पण तिच्यावर वार्निशचा पातळ थर असतो. नसता तर शेजारशेजारचे वेढे एकमेकांना टेकून सगळी कॉइल एकच गोळा झाली असती. तो थर वेढ्यांवर पाहिजे, टोकावर नको. मुलं टोकं तशीच पिळून जोडतात. बाहेरून जोड झक्क दिसतो आणि आतून दोन तारांमध्ये काच धरल्यासारखी अवस्था असते. टोकाची दोन सेंटिमीटर तार ब्लेडनं किंवा पॉलिश पेपरनं चारी बाजूंनी घासा, रंग गुलाबीसर चकचकीत दिसेपर्यंत. एकाच बाजूनं घासून आणणारे पण असतात. त्यांना परत पाठवतो.

दुसरं कारण वेढ्यांचं. हिशेब करू. शंभर वेढे, वेटोळं दोन बाय दोन सेंटिमीटरचं, साध्या काळ्या फेराइट चुंबकाचं क्षेत्र वेटोळ्यापाशी ०.०५ टेस्लाच्या आसपास धरा, आणि सेकंदाला पाच फेरे. वेढे गुणिले क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ गुणिले फिरण्याचा वेग, सगळं मिळून सर्वात जास्त व्होल्टेज येतं ०.०६ च्या घरात. एलईडीला ह्याच्या तीसपट पाहिजे. मग काय करायचं? वेढे हजार करा, चुंबक निओडिमियमचा घ्या म्हणजे क्षेत्र चौपट होतं, आणि सेकंदाला दहा फेरे द्या. दहा गुणिले चार गुणिले दोन, म्हणजे ऐंशीपट. ०.०६ चे पाच व्होल्ट झाले. एकाच गोष्टीत तीसपट वाढवणं कठीण असतं, तिन्हींत थोडं थोडं वाढवणं सोपं.

शंभर वेढ्यांचं करून निराश झालेल्या पोरांना मी सांगतो की फॅरडेच्या समोरसुद्धा दिवा पेटला नव्हता. त्याच्या यंत्राचा नुसता काटा हलला होता, आणि तेवढ्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. तुमचा काटा हलला तरी शाळेत तो दाखवण्यासारखाच प्रयोग आहे.

तिसरं कारण जरा आतलं आहे. "काका, मीटरवर ३ व्होल्ट दाखवतंय, आणि बल्ब लावला की शून्य!" ह्याचं उत्तर तारेच्या जाडीत आहे. पंख्याला वापरतात ती ३६ गेजची तार केसासारखी बारीक असते. ५०० वेढे, एका वेढ्याला १२ सेंटिमीटर, म्हणजे ६० मीटर तार झाली. तिचा रोध, म्हणजे वाहणाऱ्या विजेला होणारी अडवणूक, ३५ ओहमच्या आसपास भरतो. टॉर्चचा बारका बल्ब २.५ व्होल्ट आणि ०.३ अँपिअरचा, त्याचा पेटल्यावरचा रोध ८ ओहम. ३ व्होल्ट ह्या दोघांत वाटले जातात आणि मोठा वाटा कॉइलच खाते. बल्बाच्या पदरात अर्धा व्होल्ट. तो काय पेटणार? तीच कॉइल एलईडीला लावा. एलईडीला १० मिलिअँपिअर पुरतात, तेवढ्या विजेत कॉइल जेमतेम एक तृतीयांश व्होल्ट खाते आणि दिवा पेटतो. टॉर्चच्या बल्बाला पाऊण वॅट लागतो, एलईडीला वॅटचा पन्नासावा भाग. आजोबांच्या कपाटातला जुना बल्ब आणून जनरेटरला नावं ठेवू नका.

आणि मीटरचा एक सापळा. चुंबक फिरता ठेवून केलेल्या जनरेटरची वीज उलटसुलट वाहते, हिलाच एसी म्हणतात. मीटर डीसीवर, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेवर, ठेवला तर तो तिची सरासरी काढतो आणि शून्य दाखवतो. पोरगं म्हणतं मेलं सगळं. एसीवर न्यावं तर स्वस्त मीटरला एसीचा सगळ्यात लहान पट्टा २०० व्होल्टचा, त्यात दोन व्होल्ट म्हणजे समुद्रात खसखस. त्यापेक्षा दोन लाल एलईडी उलट्यासुलट्या जोडून लावा, एकीचा लांब पाय दुसरीच्या आखूड पायाला. सावकाश फिरवलं की आळीपाळीनं लुकलुकतात. परीक्षकाला एसी म्हणजे काय ते एका नजरेत कळतं, मीटरची गरज राहत नाही.

ही मोटार जनरेटर होणार नाही

कुणी तरी घरचा जुना पंखा उचलून आणतो. "मोटार उलटी फिरवली की जनरेटर होतो, असं पुस्तकात आहे की." पुस्तकात बरोबर आहे, पण पंख्याच्या मोटारीत कायमचा चुंबकच नसतो. लाईन दिल्यावर वायंडिंगमध्ये चुंबकत्व येतं आणि त्याच्या मागं मधला पिंजरा फिरतो. लाईन नाही तर चुंबक नाही, चुंबक नाही तर तुम्ही दिवसभर फिरवा. मिक्सरच्या मोटारीचं पण तेच, तिथं चुंबकाच्या जागीसुद्धा वायंडिंगच आहे.

भंगारात जुना प्रिंटर मिळाला तर मात्र सोनं समजा. त्यातली स्टेपर मोटार हळू फिरवली तरी दिवा पेटवण्याइतके व्होल्ट देते, गिअर लागत नाही. तिला चार किंवा जास्त तारा असतात आणि कुठली कुणाची जोडी ते कळत नाही. इथं परत हाताचीच परीक्षा. कुठल्याही दोन तारा जोडा आणि दांडा बोटांनी फिरवा. घट्ट झाला तर त्या दोघी एका कॉइलच्या. नाही झाला तर दुसरी जोडी बघा. मी दुकानात असंच करतो.

सायकलचा डायनामो मिळाला तर उत्तमच, ६ व्होल्ट ३ वॅटचा असतो आणि आत चुंबकच फिरतो. सायकल आणि बेळगाव हे नातं तसं जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली ह्याच गावात सायकलींचं दुकान घातलं होतं, कारखाना नंतरचा. पण आता डायनामो शोधायला जुन्या सायकलवाल्याकडंच जावं लागतं, नव्या सायकलींना येत नाही.

धरण सगळ्यांना पाहिजे असतं

मॉडेलांतली निम्मी धरणाची असतात. चूक सगळ्यांची एकच: धरण बुटकं असतं.

पाण्याची ऊर्जा म्हणजे वजन गुणिले उंची. एक लिटर पाणी एक मीटर खाली आलं की ९.८ ज्यूल देतं, दहा धरा. थर्माकोलचं धरण असतं २५ सेंटिमीटरचं, म्हणजे लिटरला अडीच ज्यूल. आता गोकाकला जा. घटप्रभा नदी तिथं ५२ मीटर खाली उडी घेते, म्हणजे प्रत्येक लिटरमागं सुमारे ५१० ज्यूल, तुमच्या धरणाच्या दोनशेपट. आणि पावसाळ्यात तिथं लिटर कोण मोजतंय? १८८७ सालापासून त्या पडणाऱ्या पाण्याची शक्ती काठावरच्या सूतगिरणीच्या कामाला जुंपलेली आहे, ती उगाच नाही. धबधबा बघायला सहलीला गेलात तर झुलत्या पुलावर सेल्फी काढून झाल्यावर खाली उतरणाऱ्या मोठ्या पाइपांकडंही एकदा बघा. मॉडेलमध्ये जे पाहिजे ते तिथं आहे: उंची, आणि पाणी इकडंतिकडं न सांडता चाकावर नेणारी नळी.

तुमच्याकडं काय करता येईल? धरण टेबलावर ठेवा, चाक खाली जमिनीवर बादलीत. उंची सरळ चौपट झाली. दोन लिटरची बाटली एक मीटरवरून सोडली तर २० ज्यूल. ती २० सेकंदांत रिकामी झाली तर १ वॅट. चमच्यांच्या चाकानं त्यातला पाचवा भाग पकडला तरी खूप म्हणायचं, उरलेलं पाणी फेकतं आणि शिंपडतं. पट्टा आणि मोटार त्यातलंही निम्म्याहून जास्त गिळतात. शेवटी दिव्याच्या वाट्याला येतात वॅटचे सात-आठ शतांश. लाल एलईडीला दोन पुरतात. म्हणजे जमतंय, पण काठावर. टॉर्चचा बल्ब विसरा.

पण एवढ्यानं भागत नाही, कारण इथं वेगही पाहिजे. एक मीटर खाली आलेलं पाणी सेकंदाला ४.४ मीटर वेगानं पळतं. चाकाची कड त्याच्या निम्म्या वेगानं पळाली की सगळ्यात जास्त काम निघतं. दहा सेंटिमीटर त्रिज्येचं चाक असेल तर मिनिटाला २०० च्या आसपास फेरे होतात. खेळण्यातली मोटार थेट लावली तर काही उपयोग नाही, वर सांगितलं तेच. आणि बीओ मोटारीचा गिअर उलटा फिरवण्याइतका जोर चमच्यांच्या चाकात नसतो, ते अडकून बसतं. धरणाच्या मॉडेलला प्रिंटरची स्टेपर मोटार लावा. मी तरी दुसरं काही सुचवत नाही.

शाळेच्या गच्चीवर टाकी असेल तर आणखी चांगलं. सहा मीटर उंचीच्या टाकीतून मिनिटाला दहा लिटर पाणी घेतलं तर कागदावर १० वॅट होतात. नळीच्या तोंडाला बॉलपेनाच्या रिकाम्या नळीचा तुकडा बसवून बारीक जोरकस धार करा. पाणी बादलीत धरून झाडांना घाला, नाहीतर शिपाईमामा तुमचं प्रदर्शन आधीच आटोपतील.

शक्ती म्हणजे नक्की काय?

हा बिघाड खोक्यातला नाही, जिभेवरचा आहे, आणि आपल्या भागातच होतो. मराठी माध्यमाची मुलं ऊर्जा म्हणतात ती ज्यूलमध्ये मोजायची, आणि शक्ती म्हणतात ती वॅटमध्ये, म्हणजे एका सेकंदाला किती ऊर्जा. कन्नडमध्ये मात्र शक्ति म्हणजे ऊर्जा, आणि वॅटवालीला ते सामर्थ्य म्हणतात. परीक्षक कन्नडमध्ये विचारतात, "शक्ति एल्लिंद बंतु?" ते विचारत असतात ऊर्जा आली कुठून. पोरगं मराठी शक्ती ऐकतं आणि वॅटचा आकडा सांगून मोकळं होतं. दोघंही बरोबर, आणि मार्क जातात.

गेल्या वर्षी खानापूरकडची एक मुलगी आली होती. तिला मी बाटलीवर दोन चिठ्ठ्या चिकटवायला सांगितल्या. एकीवर "२० ज्यूल, मराठीत ऊर्जा, कन्नडमध्ये शक्ति". दुसरीवर "१ वॅट, मराठीत शक्ती, कन्नडमध्ये सामर्थ्य". तिचं तिनं खाली जोडलं की घरात येणारी एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे अशा १ लाख ८० हजार बाटल्या. हा हिशेब मला सुचला नव्हता. बाटली तिथंच आहे, ती वीस सेकंदांत रिकामी करा की दोनशे सेकंदांत. ज्यूल तेवढेच, वॅट बदलतात. हे एकदा डोक्यात बसलं की भाषा कुठलीही चालते.

आणि ते फुकटच्या विजेचं

दरवर्षी एक तरी जण मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो. मोटारीनं जनरेटर फिरतोय, जनरेटरच्या विजेवर तीच मोटार चाललीय, वर एक बल्बही पेटलाय. "काका, आमचं थांबतंय, जोडणी कुठं चुकली?"

जोडणी चुकलेली नाही, व्हिडिओवाला खोटा आहे. टेबलाखाली किंवा त्या मोठ्या कॉइलच्या आत बॅटरी असते. साध्या बारक्या मोटारीला १०० ज्यूल दिले तर ५० फिरण्याच्या कामी येतात असं धरा, बाकीचे गरमीत आणि घासण्यात जातात. ते ५० दुसऱ्या मोटारीला दिले की पुन्हा निम्मे, २५ ची वीज परत आली. पुढच्या खेपेला सहा. तिसऱ्या खेपेला दीड. म्हणून ते थांबतं, आणि सेकंदाच्या आत थांबतं. हातानं ढकललेला झोपाळा आपोआप वर चढत जात नाही, तसंच. मोठी आणि चांगली यंत्रं लावली तर थांबायला जरा वेळ लागेल, बाकी काही नाही. असं मॉडेल घेऊन आलेल्याला मी एकच विचारतो: ह्याचा दांडा कोण जड करतंय आणि त्याचे पैसे कोण देतंय?

कुकरच्या वाफेवर पंखा फिरवायचं मॉडेल मी दुरुस्त करत नाही. शिट्टीच्या जागी नळी बसवलेला कुकर आणि भोवती चाळीस मुलं, हे मला बघवत नाही. त्या पोरांना मी औष्णिक वीजघराचं चित्र काढायला सांगतो आणि फिरवायला हाताचा दांडा देतो. वाफेचं काम फक्त फिरवण्याचं असतं. पुढचा जनरेटर तोच.

सोलरच्या मॉडेलचं एकच सांगणं: वर्गातल्या ट्यूबलाइटखाली ते चालत नाही. खिडकीजवळची जागा आदल्या दिवशी धरून ठेवा.

प्रदर्शनाच्या दिवशी मॉडेलात एक साधा स्विच घाला. स्विच बंद असेल तेव्हा जनरेटरच्या तारा मोकळ्या, चालू केला की त्या थेट एकमेकींना जोडल्या जातील असा. दिवा वेगळा, बाजूला. परीक्षकांच्या हातात दांडा द्या, फिरवायला सांगा, आणि बोलता बोलता स्विच चालू करा. दांडा जड झाला की ते तुमच्याकडं बघतात. त्या खानापूरच्या मुलीनं हेच केलं, आणि तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो दांडा एकदा फिरवून बघायचा होता. संध्याकाळपर्यंत दांडा तुटला.

तेव्हा दोन दांडे करून न्या. आणि माझ्याकडं यायचं असेल तर प्रदर्शनाच्या आदल्या रात्री नऊ वाजता येऊ नका, चार दिवस आधी या. सोल्डर माझं, पण तार चारी बाजूंनी घासून आणा.